बरोब्बर एकशेवीस तास

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून रोजनिशी. प्रयोजन: पित्ताशय.

सोनोग्राफीत तीन खडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेनाच्या टोकाने दाखवले. एक मोठा, दोन बेताचे, अंगठीत जडवावेत तसे ऐटीत बसलेले. ऑपरेशन आठ एप्रिलला, सरकारी इस्पितळात. तोवर तळलेलं बंद, तूप बंद, साय बंद. मी म्हटलं, संस्कृत पाठशाळेत आठ वर्षं काढली आहेत, संयम हा आमचा पहिला धडा. बाईंनी वर न बघता कागदावर लिहिलं: वजन ८९.

संकल्प: उद्यापासून सगळं वाफवलेलं.

(‘उद्यापासून’ एवढ्यासाठी की घरी मंगलाने साबुदाण्याचे वडे करून ठेवले होते. तिला रिपोर्ट माहीत नव्हता, तिचा दोष नाही. तीनच खाल्ले. खड्यामागे एक.)

२३ फेब्रुवारी, रविवार

इथे सुट्टी शुक्र-शनि, म्हणून आज आठवड्याचा पहिला दिवस आणि पहिलीच मेल एचआरच्या अस्माबाईंची. अस्माबाई हैदराबादच्या. बोलणं इतकं गोड की नकारसुद्धा आमंत्रणासारखा वाटतो. पण मेल इंग्रजीत होती.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. आखातातल्या हिद्दच्या या गोदामवाल्या कंपनीत मी बावीस वर्षं करस्पॉन्डन्स क्लार्क. गिऱ्हाइकांना जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातचं. गेल्या वर्षी पत्रं लिहिणारं सॉफ्टवेअर आलं. आता पत्र ते लिहितं आणि मी तपासतो. जानेवारीपासून मला पगारावरून तासावर घेतलं. कंपनीने मला कमी केलं नाही, मोकळं केलं, असं मी मानतो.

तर मेल: तासावरच्या माणसांची सरकारी आरोग्यकार्डं कंपनी यापुढे सरसकट रिन्यू करणार नाही. मार्चमध्ये किमान एकशेवीस तास भरले तरच करेल. हिशोब सत्तावीस मार्चला. माझं कार्ड एकतीस मार्चला संपतं. म्हणजे तास नाहीत तर कार्ड नाही, कार्ड नाही तर आठ एप्रिल नाही. खडे मात्र राहतील.

खाजगी इस्पितळात चौकशी केली. आकडा इथे लिहीत नाही. वाचून पुन्हा कळ येईल.

मेल तीनदा वाचली. व्याकरणाच्या दोन चुका सापडल्या. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मंगलाला सांगितलं. ती गेल्या वर्षीपासून ईसा टाउनच्या एका शाळेत बालवाडीच्या वर्गावर मदतनीस आहे. तिचा वेळ जावा म्हणून मीच परवानगी दिली होती. तर म्हणते, आमच्या शाळेच्या कार्डावर घरच्यांची नावं घालता येतात, वीस मार्चपर्यंत फॉर्म द्यायचा आहे, तुमचं घालू का?

तिचा हेतू चांगला होता. हसलो नाही. म्हटलं, बघू.

बालवाडीच्या मदतनिसाच्या कार्डावर कंपनीचा करस्पॉन्डन्स विभाग! (विभागात मी एकटाच आहे, पण विभाग आहे.)

भक्ती बाजूला अभ्यास करत होती. अकरावीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, “बाबा, जस्ट टेक इट.” तिला आत्मसन्मान या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. पंधरा मिनिटं लागली. शेवटी म्हणाली, “ओके, सो इगो.” कोशकारांनाही इतका घाईचा अर्थ सुचला नसता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारपासून रमजान. ऑफिस आठ ते दोन. रोजा न धरणाऱ्यांनी हवं तर चारपर्यंत थांबावं, चारची बस मिळेल. अस्माबाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, आप रुक जाइए, आपके घंटे ज़्यादा हो जाएँगे.

घरी येऊन शांतपणे हिशोब केला. मार्चमध्ये ईदच्या सुट्टीआधी कामाचे दिवस वीस. रोज सहा तास. वीस सक एकशेवीस.

बरोब्बर एकशेवीस! एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. इतकं जुळलेलं गणित क्वचित दिसतं. यापुढे चारपर्यंत थांबणं हा गणिताचा अपमान होईल. शिवाय चारच्या बसचा एसी नेमका मानेवर येतो. शिवाय जमालुद्दीनची गाडी दोनला निघते.

जमालुद्दीन म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचा, इथे हिशोबखात्यात. अठरा वर्षं त्याच्याच गाडीने येतो-जातो. मला पंडित म्हणतो. मी गणित सांगितलं तर स्टिअरिंगवर टिचक्या मारत म्हणाला, “पंडिता, एक दिवस ताप आला तं? तुजा गणित काय करल?” मी म्हटलं, ताप येणार नाही. म्हणाला, “तापाला मेल केलायस का तू?”

कोकणी माणसाची ही शंकेखोर वृत्ती. म्हणून आपण मागे.

२ मार्च, रविवार

वही घातली. निळ्या शाईने तारीख, आत, बाहेर, एकूण. आज: आत ८.००, बाहेर २.००, एकूण ६. राहिले ११४.

रमजानात ऑफिसची पॅण्ट्री बंद असते. रोजेदारांसमोर चहाचे घुटके घेणं बरं नाही, आणि ते मला पटतं. ज्यांना खायचं-प्यायचं आहे त्यांच्यासाठी गेटबाहेर पार्किंगला ड्रायव्हरांचा कंटेनर ठेवला आहे. तिथे बाळाजी चहा करतो. बाळाजी कराडकडचा, फोर्कलिफ्ट चालवतो, रखमा नावाच्या त्याच्या म्हशीचे फोटो मोबाइलवर ठेवतो. गेटवर हजेरीचं यंत्र आहे. सूचना: बाहेर जाताना व आत येताना अंगठा लावावा.

बाळाजी गेटातून जातच नाही. कुंपणाला मागे एक फट आहे, तिथून. मला म्हणाला, “साहेब, हिकडनं या की, जवळ पडतं.” मी गेटाने गेलो, अंगठा लावला. येताना पुन्हा लावला. नियम म्हणजे नियम. संस्कार कुठेतरी दिसतातच.

चहा पाच मिनिटं.

३ मार्च, सोमवार

आत ८, बाहेर २. एकूण ६. राहिले १०८.

कंटेनरात पाच मिनिटं. बाळाजीच्या भावाने ट्रॅक्टर घेतला, त्याची हकीकत. ट्रॅक्टर कसा पाहिला, कसा ठरला, घरी आणताना ओढ्यात कसा बसला, कोणी काढला, काढणाऱ्याची सोयरीक कुठली. चहा दोनदा गरम केला.

दुपारी घरी झोप. रोजेदारांबद्दल सहानुभूती म्हणून मीही विश्रांती घेतो.

५ मार्च, बुधवार

राहिले ९६.

आज खरं काम केलं. दम्मामच्या एका गिऱ्हाइकाचा माल उशिरा पोचणार होता. सॉफ्टवेअरने लिहिलं होतं: माल चार दिवस उशिरा येईल, क्षमस्व. हे काय पत्र झालं? ना प्रस्तावना, ना भाव. मी हात फिरवला. काळाची अगतिकता, समुद्राची लहर, आमच्या अंतःकरणाची अवस्था, सगळं इंग्रजीत आणलं. दीड पान.

साडेबाराला गिऱ्हाइकाचा फोन. दबक्या आवाजात विचारत होता, कोण गेलं?

मॅनेजर म्हणाले, यापुढे फक्त स्पेलिंग बघा.

संध्याकाळी भक्ती वही चाळून म्हणाली, “बाबा, द गेट थिंग. यू डू नो इट्स काउंटिंग, राइट?” मी म्हटलं, अगं तो शिष्टाचार आहे, कोण कुठे आहे हे कळावं म्हणून. तिने मंगलाकडे पाहिलं. मंगलाने तिच्याकडे पाहिलं. हल्ली या दोघी न बोलता बराच वेळ बोलतात.

८ मार्च, शनिवार

कालपर्यंत सर्व सुरळीत. वहीत ३० जमा, ९० बाकी.

आज जमालुद्दीनकडे इफ्तारला. दर वर्षी एक शनिवार आमचा ठरलेला. अख्तरुन्निसाभाभींनी माझ्यासाठी वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात कांदाभजी, बटाट्याचे पॅटिस आणि मुगाचे वडे केले होते. मांसाहाराचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. अठरा वर्षं त्या बाई हे करतात. एवढ्या मायेने केलेलं नको म्हणणं मला जमत नाही. मी फक्त चाखतो म्हणालो. मंगला समोरून डोळे मोठे करत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

जमालुद्दीन दिवसभराचा उपाशी, त्याने दोन खजूर आणि एक पॅटिस खाल्लं. मी दिवसभराचा जेवलेला. भाभी हसून म्हणाल्या, “पंडितभाईंचा रोजा आमच्या ह्यांच्यापेक्षा कडक दिसतो.”

नऊ भजी. पॅटिस मोजले नाहीत.

९ मार्च, रविवार

काही लिहवत नाही. उजव्या बरगडीखाली कोणीतरी पाना घालून पिळतंय. पहाटे आरोग्यकेंद्रात इंजेक्शन. तिथल्या खिडकीवर कार्ड दाखवलं, क्षणात आत. कार्ड ही काय चीज आहे ते आज कळलं.

रजा. एकूण ०.

जमालुद्दीनचा फोन: “ताप नाय आला ना? बरा झाला.” आणि फोन ठेवला.

१० मार्च, सोमवार

नवं नियोजन. गेले सहा तास एका शनिवारी भरून काढायचे. शनिवारी गोदाम चालू असतं, बाळाजीची पाळी असते. बावीस तारखेचा शनिवार मुक्रर. १९ दिवस × ६ = ११४, अधिक ६ = १२०.

पुन्हा बरोब्बर. माझं गणित मोडतच नाही.

आज एकादशी. पोटालाही विश्रांती. फक्त साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट बेताचं. मंगलाने ताटलीत दोन चमचे वाढली आणि पातेलं शेजारणीकडे पोचवून आली.

१३ मार्च, गुरुवार

होळी. इथे कुठली होळी, गच्चीवर पणती. गावी आज पालखी नाचत असेल.

पुरणपोळी तुपाशिवाय खाल्ली. याची इतिहासात नोंद व्हावी.

वहीत ५४, बाकी ६६. अस्माबाई लिफ्टजवळ भेटल्या. म्हणाल्या, सर, सिस्टम में अपने घंटे एक दफ़ा देख लीजिए. मी म्हटलं, माझी वही आहे. म्हणाल्या, जी, फिर भी. लोकांना हाताच्या अक्षरावर विश्वास राहिलेला नाही.

१६ मार्च, रविवार

राहिले ६०. निम्मी लढाई जिंकली.

कंटेनरात पाच मिनिटं. आज बाळाजीने रखमाच्या वेताचं सांगितलं. रेडकू आडवं आलं होतं. अशा प्रसंगी मध्येच उठून जाणं माणुसकीला धरून नाही. दोन कप. टोस्ट चार. टोस्ट तळलेले नसतात.

परत येताना गेटवर अंगठा. यंत्र नेहमी कसलातरी आकडा दाखवतं, चष्म्याशिवाय मला दिसत नाही. हिरवा दिवा लागला की पुरे.

१८ मार्च, मंगळवार

मंगलाने तीन-चार कागद पुढे केले, इथे सही, इथे सही. भक्तीच्या ट्रिपचे असावेत. मी टीव्हीवर बातम्या ऐकत होतो. सह्या केल्या. माझी सही उत्तम येते, पाठशाळेतल्या गुरुजींनीही वाखाणली होती.

मग तिने विचारलं, तुमच्या तासांचं कुठवर? वही दाखवली. तिने दोन पानं उलटली. म्हणाली, निळी शाई छान आहे.

२० मार्च, गुरुवार

मंगलाच्या फॉर्मची आज शेवटची तारीख होती. तिने विषय काढला नाही. मीही काढला नाही. कळलं तिला, की मला गरज नाही. संसारात बायकोला उशिरा का होईना, नवऱ्याची कुवत कळते.

राहिले ४२. पाच दिवस ऑफिसात आणि परवाचा शनिवार धरून सहा. सहा सक छत्तीस... सहा कमी कसे?

नंतर: आजचे सहा मांडायचे राहिले होते. राहिले ३६. बरोब्बर.

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस मी वेगळ्या शाईने लिहावा असा.

सुट्टीच्या दिवशी, स्वेच्छेने, टॅक्सीने हिद्दला. आठला दोन मिनिटं कमी. मुख्य गेटला कुलूप! वॉचमन पलीकडच्या टोकाला, हाक ऐकू जाईना. मिनिटं जात होती. तेवढ्यात कुंपणामागून बाळाजीचा आवाज, “साहेब, हिकडनं!”

आयुष्यात पहिल्यांदा फटीतून गेलो. सदऱ्याचं एक बटण तिथेच राहिलं. पण आठच्या ठोक्याला आत.

पत्रं नव्हती. बाळाजीबरोबर खोक्यांवरचे पत्ते तपासले. तीन पत्त्यांत पिनकोड चुकले होते, काढून दिले. बाळाजी म्हणाला, “साहेब, तुमी हितं पायजे होता, वर काय करताय?” बावीस वर्षांत ऑफिसात कोणी असं म्हटलेलं आठवत नाही. दोनला त्याच फटीतून बाहेर.

एकूण ६. घामाचे.

२६ मार्च, बुधवार

राहिले ६. उद्याचे.

अंगात हलकेपणा आहे. जमालुद्दीनला गाडीत म्हटलं, बघ, गणित जिंकलं. तो म्हणाला, “उद्या दोन वाजता बोल.” हे लोक आनंदाला नेहमी उद्याची तारीख देतात.

ऑपरेशनच्या दिवशी घालायला नवा पायजमा आणला.

२७ मार्च, गुरुवार

दीड वाजता वही घेऊन अस्माबाईंकडे. त्यांनी पानं उलटली. अगदी प्रत्येक पान. म्हणाल्या, माशाल्ला, बहुत ख़ूबसूरत हैंडराइटिंग है आपकी.

मग संगणक फिरवून दाखवला.

एकशे एक तास वीस मिनिटं. आजचे दोनपर्यंतचे धरून.

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. त्यांनी एकेक ओळ उघडली. प्रत्येक दिवशी मध्ये एक बाहेर, एक आत. ११.०५ ते ११.४५. ११.१० ते ११.५०. चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं, रेडकाच्या दिवशी बावन्न, पुरणपोळीच्या दिवशी अठ्ठावीस. सरासरी चाळीस. एकोणीस दिवसांचे बारा तास चाळीस मिनिटं वजा. माझा अंगठा रोज न चुकता साक्ष देत होता.

मी विचारलं, आणि शनिवार? त्या म्हणाल्या, कौनसा शनिवार? शनिवारची ओळ कोरी. त्या दिवशी दत्तप्रसाद नावाचा इसम हिद्दमध्ये आल्याची नोंद नाही.

मी बटणाचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं. पाणी मागवू का म्हणाल्या, मग रमजान आठवून थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, कंटेनर में पी लीजिए, सर. मगर पंच करके जाइएगा.

खाली बाळाजी भेटला. तोही जानेवारीपासून तासावरच. त्याचे तास: एकशे एकाहत्तर. रोजचा सगळा चहा धरून.

 गाडी पुलावर आल्यावर जमालुद्दीन म्हणाला, “आसू दे रं.” त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

घरी सांगितलं नाही. बरं नाही म्हणून पडलो. ते खोटं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

अपिलाचा अर्ज. सकाळपासून बसलो. पहिला मसुदा चार पानी, न्यायशास्त्राच्या आधाराने. काळ हा अखंड आहे, चहाने तो खंडित होत नाही, असा मुद्दा. दुसरा मसुदा तीन पानी. तिसऱ्यात दम्मामच्या माणसाचा फोन आठवला.

शेवटी लॅपटॉप उघडला आणि त्या सॉफ्टवेअरलाच सांगितलं. चार ओळी आल्या. बावीस वर्षं नोकरी, आठ एप्रिलचं ऑपरेशन, शनिवारी बाळाजीसोबत केलेलं काम, फेरविचाराची विनंती. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. स्पेलिंगसुद्धा.

पाठवला. उत्तर लगेच आलं, तेही यंत्राचंच: ईदनिमित्त कार्यालय बंद आहे.

दुपारी कळ आली. थोडीशीच. मंगलाने विचारलं, काय होतंय? म्हटलं, काही नाही. ती गरम पाण्याची पिशवी देऊन गेली. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मनात म्हणालो. तिने विचारलंच होतं, हे नंतर लक्षात आलं.

३० मार्च, रविवार

आज ईद. आज पाडवाही. दोन्ही एकाच दिवशी, इतकी वर्षं इथे काढली, असं आलेलं आठवत नाही. बाल्कनीत लहानशी गुढी उभारली. कडुलिंब शेजारच्या कंपाउंडमधून. तांब्या वाऱ्याने वाजत होता.

दहा वाजता जमालुद्दीन आणि अख्तरुन्निसाभाभी, हातात शीर खुर्म्याचं पातेलं. गळाभेटी झाल्या. सगळं छान चाललं होतं. मी नववर्षाचे संकल्प सांगत होतो, रोज चालणं, रोज एक अध्याय, आणि आरोग्य हेच धन. एवढ्यात जमालुद्दीनला राहवेना. “वैनी, याचा कार्ड गेला. तुमाला बोललाय का नाय हा?”

तांब्यासुद्धा वाजायचा थांबला.

मंगलाने मोबाइलवरून मान वर केली नाही. म्हणाली, “माहीत आहे. अस्मा सत्तावीसलाच बोलली मला. तिचा मुलगा माझ्या वर्गात आहे.”

मग ती आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. शाळेने सुट्टीआधी दिलेली आरोग्यकार्डं. एक तिचं, एक भक्तीचं. तिसऱ्यावर माझा फोटो. खाली छापलेलं होतं: डिपेंडंट.

मी म्हटलं, हे कधी? म्हणाली, अठरा तारखेला सह्या केल्यात की. वाचलं नव्हतं? भक्ती म्हणाली, “ही चेक्स लेटर्स फॉर अ लिव्हिंग.” जमालुद्दीन इतका हसला की भाभींनी त्याच्या पाठीत धपका घातला.

शाळेचीही तासांची अट आहे म्हणे. मंगलाचे मार्चचे एकशे अडतीस झाले. तिच्याकडे वही नाही. मी विचारलं, मग तू मोजलेस कसे? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, मोजायचे कशाला, पोरांना सोडून जाणार कुठे?

मला संस्कृतात ‘अवलंबित’ला एखादा भारदस्त पर्याय आठवत होता. कोणी विचारला नाही. शीर खुर्माही कोणी विचारला नाही. भाभींनी माझ्यापुढे एक सफरचंद ठेवलं. सोललेलं.

७ एप्रिल, सोमवार. इस्पितळ

उद्या ऑपरेशन. आज भरती. काम सरळ झालं, खिडकीवर कार्ड दाखवलं, क्षणात आत.

फॉर्म केरळच्या नर्सबाईंनी भरला. कार्डधारक: मंगला. रुग्णाचं नातं: नवरा. व्यवसाय या रकान्यात मी ‘करस्पॉन्डन्स’ सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, आपका नहीं, मैडम का. मग माझ्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. रेघ नीटनेटकी होती.

अपिलाचं उत्तर सकाळी आलं. कंपनी सहानुभूतीपूर्वक विचार करेल, पुढच्या तिमाहीत. पत्र चार ओळींचं. सॉफ्टवेअरने लिहिलेलं असणार, कारण तपासायला मी नव्हतो.

नवा पायजमा चालत नाही. इथला हिरवा झगा घालावा लागतो, मागे बंदांनी बांधायचा. बटण नाही, त्यामुळे हरवण्याचीही सोय नाही.

एका कागदावर कार्डधारकाची सही हवी आहे. नर्सबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, मैडम कब आएँगी?

सांगितलं, दीडनंतर. कामावर आहेत, तास भरल्याशिवाय निघता येत नाही.